विष अंगापर्यंत येतं कसं? वस्तीतल्या प्रदूषणाचा आणि आजारपणाचा माग काढण्याची रीत

वस्तीत आजारपण वाढलंय हे तिथल्या बायकांना सगळ्यांत आधी कळतं. कुणाचं पोर रात्रभर खोकतं, कुणाचं वयाच्या मानाने वाढतच नाही, कुणाच्या तळहातावर काळे डाग उठलेत, हे त्या एकमेकींना सांगत असतात. दवाखान्यात मात्र प्रत्येक रुग्ण सुटा होतो. खोकल्याचं औषध मिळतं आणि मूल पुन्हा त्याच हवेत झोपतं. ही सुटी दुखणी एकत्र मांडून त्यांचं मूळ कसं शोधायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्याला पदवी लागत नाही. एक नोंदवही लागते, बरीच चिकाटी लागते आणि काही टप्प्यांवर जाणकाराची मदत लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा: धोका मोजायचा तो माणसाच्या अंगापाशी. एकाच भिंतीला लागून असलेल्या दोन घरांत, एकीकडे बंद खोलीत लाकडाची चूल पेटते आणि दुसरीकडे नाही, तर बाहेरची हवा सारखी असूनही त्या दोन घरांतली मुलं वेगळी हवा श्वासात घेतात. म्हणून ‘प्रदूषण किती?’ एवढं विचारून भागत नाही. ‘कुणाच्या अंगात, कुठल्या वाटेने, किती जातं?’ असं विचारावं लागतं.

आधी समजून घ्या: कुणाला जास्त लागतं

लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेतं, जास्त पाणी पितं. ते जमिनीवर रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढा वाटा शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट वाटा लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. मेंदू घडत असतानाच हे होतं, आणि झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही. रक्तातल्या शिशाची ‘इतकं चालेल’ अशी पातळीच नाही.

पोटातलं बाळ तर त्याहून हळवं. जपानमधल्या मिनामाता गावात समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यातला मिथाइल पारा मासळीतून लोकांच्या अंगात गेला. आधी मांजरं पिसाटल्यासारखी वागून मेली, मग माणसं आजारी पडली. 1956 मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. तिथे काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं मेंदूला गंभीर इजा घेऊनच जन्माला आली. पारा नाळेतून बाळापर्यंत पोचला होता. आई ठणठणीत दिसते म्हणून बाळ सुरक्षित आहे असं धरून चालू नका.

म्हाताऱ्या माणसांना उष्णता आधी मारते. 1995 च्या जुलैमध्ये शिकागोत आलेल्या उष्णतेच्या लाटेत 700 हून जास्त माणसं दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या, गरीब वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. खिडक्या घट्ट लावलेल्या, विचारपूस करायला कुणी नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यांत जास्त छळतो तो सांगते. गरीब वस्तीत हे धोके एकेकटे येत नाहीत. स्वस्त जागा मोठ्या रस्त्याला, कारखान्याला, कचऱ्याच्या डोंगराला लागून असते, म्हणून माणसं तिथे राहतात. छप्पर पत्र्याचं, काम धुळीचं, जेवण अपुरं, दवाखाना लांब. आणि हे धोके एकमेकांना बळ देतात. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असतं, त्याचं आतडं शिसं जास्त शोषून घेतं. म्हणजे उपाशी मूल तीच धूळ खाऊन जास्त विष अंगात घेतं. वंचित वस्तीतल्या माणसांचं शरीर मुळातच कमकुवत असतं असं कुणी म्हणालं, तर त्याला हे दाखवा.

पायरी 1: पायी फिरून नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या आणि वस्तीचा नकाशा हाताने काढा. घरं, शाळा, पाण्याची ठिकाणं, मुलांच्या खेळण्याच्या जागा आधी. मग उगमस्थानं: वाहता रस्ता, धुराडी, जनरेटर, कचरा जाळण्याची जागा, उघडं गटार, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं किंवा भंगार वितळवण्याचं काम, फवारणी होणारी शेतं, पोपडे निघालेला जुना रंग. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा.

हे फिरणं एकदाच करू नका. पहाटे, दुपारी आणि रात्री उशिरा, तिन्ही वेळा फिरा. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो. काही ठिकाणी सांडपाणी आणि धूर अंधारातच सोडतात. वास कुठे, कधी, कसला आला तेही लिहा. नाक हे साधं साधन आहे, पण वास येत नाही म्हणजे धोका नाही असं मात्र नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पाण्यातल्या आर्सेनिकला रंग, वास, चव यातलं काहीच नसतं.

लंडनमध्ये 1854 साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने कुठल्या घरात किती माणसं मेली ते नकाशावर मांडलं, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती मृत्यू दाटलेले दिसले. कॉलऱ्याचा जंतू कसा पसरतो हे तेव्हा वैद्यकाने मान्यही केलेलं नव्हतं.

घराच्या आतलाही नकाशा काढा. चूल कुठे, झोपायची जागा कुठे, धूर जायला वाट कुठून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने सुमारे 32 लाख माणसांचा जीव घेतला. कारखान्याकडे बोट दाखवताना स्वयंपाकघर विसरलं जातं, आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ बायका आणि तान्ही मुलं असतात.

पायरी 2: साखळी लिहून काढा

नकाशावरच्या प्रत्येक उगमासाठी पाच कड्या लिहा: उगम, वाहक, माणूस आणि वाहक भेटतात ती जागा, शरीरात शिरण्याची वाट, आणि कुणाच्या शरीरात. वाहक म्हणजे हवा, पाणी, माती, धूळ किंवा अन्न. शिरण्याच्या वाटा मुख्यतः तीन: नाक, तोंड, कातडी. एक कडी तुटली की साखळी तुटते, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

उदाहरण घेऊ. बाप बॅटऱ्या फोडण्याच्या कामावर जातो. संध्याकाळी घरी येतो, दारातच सदरा काढून झटकतो आणि खुंटीला अडकवतो. करडी, पीठासारखी धूळ उंबऱ्यावर बसते. सकाळी केरसुणीने झाडलं की ती उडते आणि खिडकीच्या कडेला, भांड्यांवर, अंथरुणावर पसरते. दहा महिन्यांचं मूल त्या उंबऱ्याला धरून उभं राहायला शिकतंय. ओला तळहात फरशीवर टेकतं आणि मग तोच हात तोंडात. कारखाना दोन कोस लांब असला तरी शिसं घरात आलं, ते सदऱ्यावर बसून. इथे तोडायच्या कड्या स्पष्ट दिसतात: कपडे कामावरच बदलणं, ते वेगळे धुणं, कोरडं न झाडता ओल्या फडक्याने पुसणं, मुलाचे हात धुणं.

पायरी 3: आजारपणाची नोंदवही

इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून थोडं सावकाश सांगते. आजारी माणसांच्याच घरी जाऊन नोंदी घेतल्या तर त्या नोंदींतून काही सिद्ध होत नाही. सगळ्या घरांत जा, किंवा ठरवून प्रत्येक पाचव्या घरात जा, आणि ‘कुणालाच त्रास नाही’ हेही तितक्याच निष्ठेने लिहा. चाळीस घरांपैकी अठरा घरांत खोकला, या वाक्याला वजन येतं ते त्यातल्या ‘चाळीस’मुळे. शक्य असेल तर उगमापासून लांबच्या, पण राहणीमान तसंच असलेल्या वस्तीतही हेच प्रश्न विचारा.

प्रश्न विचारताना उत्तर सुचवू नका. ‘धुरामुळे दम लागतो का?’ असं विचारलं की लोक हो म्हणतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत घरात कुणाला खोकला किंवा दम लागला का? किती रात्री झोपमोड झाली?’ असं विचारा. मुदत ठरलेली, मोजता येईल असं उत्तर.

वहीतली एक ओळ साधारण अशी असावी: ‘घर 17. मुलगी, वय 4. खोकला 9 रात्री. चूल आत, खिडकी नाही. पाणी विहीर 3. बाप रंगकाम. तारीख.’ नाव लिहू नका. घर आणि नाव यांची जोड दुसऱ्या वहीत, एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा. ही काळजी महत्त्वाची आहे, कारण ज्या कारखान्याचा धूर छातीत जातो त्याच कारखान्याचा पगार बऱ्याच घरांत येत असतो. कुणाची नोकरी तुमच्या वहीमुळे जाता कामा नये. ज्याला बोलायचं नाही त्याला सोडून द्या, त्याच्यावर राग धरू नका.

काळाकडे लक्ष द्या. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की उतरतं, घरातल्या अनेकांना एकदमच होतं: कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्या, सगळ्यांना बाहेर काढा, वही नंतर. फवारणीनंतर काही तासांत खूप घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वासाला त्रास दिसला तर ती ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. माणसाला लगेच रुग्णालयात न्या आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या. आर्सेनिकचे त्वचेवरचे डाग मात्र अनेक वर्षं ते पाणी प्यायल्यावर उठतात. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर 20 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला ‘आज काय करता?’ याबरोबर ‘तीस वर्षांपूर्वी कुठे राहत होता, काय काम करत होता?’ हेही विचारा.

पायरी 4: मोजणी

कशाची शंका आहे हे ठरल्याशिवाय नमुना पाठवू नका. ‘पाण्यात काय आहे ते सांगा’ असं म्हटलं तर प्रयोगशाळा नेहमीच्या चार-पाच चाचण्या करून देईल आणि त्यात तुमचं विष नसेलही.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे काही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आर्सेनिक लिटरला 10 मायक्रोग्रॅम, शिसं 10 मायक्रोग्रॅम, फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅम, नायट्रेट 50 मिलिग्रॅम. हवेतल्या पीएम 2.5 कणांसाठी (म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) 2021 पासूनची शिफारस घनमीटरला वर्षाची सरासरी 5 मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची 15 मायक्रोग्रॅम अशी आहे. देशोदेशींच्या कायद्यातल्या मर्यादा अनेकदा याहून सैल असतात. अहवालात कुठली मर्यादा वापरली ते पाहा.

शिशासाठी नळाचा नमुना घ्यायचा तर निदान सहा तास नळ कुणीही उघडलेला नसावा. पहाटेचं पहिलंच एक लिटर पाणी भरा. आधी पाणी सोडून दिलं तर पाइपात साचलेलं शिसं वाहून जातं आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 च्या एप्रिलमध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नयेत म्हणून लागणारी प्रक्रिया केली नाही आणि जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. तिथे सरकारी तपासणीसाठी नमुने घेताना आदल्या रात्री नळ वाहता ठेवायला सांगितलं जात होतं. रहिवाशांनी विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर घरोघरचे शेकडो नमुने नीट गोळा केले, आणि मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 2015 मध्ये मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे प्रशासन हललं.

विहिरी आणि हातपंप एकेक करून तपासा. बांगलादेशात 1970 च्या दशकापासून दूषित पृष्ठजलाला पर्याय म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. 1993 मध्ये त्यांतल्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं उघड झालं. शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो. म्हणून तिथे तपासून धोक्याच्या कूपनलिकेला लाल आणि सुरक्षित असलेलीला हिरवा रंग दिला गेला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल असा तो अहवाल होता.

स्वस्त हवामापक यंत्रं उपयोगाची आहेत, पण दमट हवेत ती कण जास्त दाखवतात. एका आकड्यावर जाऊ नका. तेच यंत्र स्वयंपाकाच्या वेळी, रात्री, शाळेच्या दारात ठेवून फरक पाहा.

रक्त-लघवीची तपासणी डॉक्टरांमार्फतच करा. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात कातडीवरची धूळ मिसळून शिसं जास्त दिसू शकतं, म्हणून वाढलेला आकडा शिरेतल्या रक्तावर पडताळून घ्यायचा. लघवीतलं आर्सेनिक तपासायचं असेल तर आधीचे काही दिवस समुद्रातली मासळी खायची नाही. तिच्यातलं निरुपद्रवी आर्सेनिकही मोजलं जातं. रक्तात शिसं डेसिलिटरला (100 मिलिलिटरला) 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर उगम शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अहवाल हातात आला की एकक बघा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजार पटींचा फरक असतो. मग ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर विचारा: तुमचं यंत्र कमीत कमी किती ओळखू शकतं? ते 50 मायक्रोग्रॅमपासून पुढचंच ओळखत असेल, तर 10 ची मर्यादा पाळली गेली की नाही हे त्या कागदावरून कळणारच नाही.

पायरी 5: आजच तोडता येईल ती कडी

सरकार, कारखाना, न्यायालय यांना वेळ लागतो. मूल आज पाणी पितंय.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक, नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात बाटलीच्या बाळाचं दूध कालवू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन ते निळं पडू शकतं. शिशाचं पाणी असेल तर पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी गार पाण्याचाच नळ वापरा आणि रात्रभर साचलेलं पाणी आधी जाऊ द्या. नमुना घेतानाच्या नियमाच्या हे बरोब्बर उलट आहे, गोंधळू नका.

कापडी रुमाल बारीक कण अडवत नाही. एन-95 सारखा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा अडवतो, पण विषारी वायू तोही अडवत नाही. चुलीसाठी सगळ्यांत चांगला उपाय इंधन बदलणं. ते होईपर्यंत धुराडं, उघडी खिडकी, सुकं लाकूड आणि स्वयंपाक चालू असताना तान्हं मूल दुसऱ्या खोलीत.

उष्णतेसाठी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करा आणि कोण कुणाच्या दारावर दिवसातून दोनदा थाप मारणार ते नावानिशी ठरवा. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो, तेव्हा अंग ओलं करा किंवा थंड जागी न्या.

‘अंगातलं विष काढणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं घेऊ नका. काहींमध्ये शिसं, पारा सापडलेला आहे.

पायरी 6: निष्कर्ष जपून, मांडणी ठामपणे

छोट्या वस्तीत तीन कर्करोग योगायोगानेही होऊ शकतात. म्हणून स्वतःलाच विचारा: विषाशी संपर्क आजाराच्या आधी होता का? जिथे संपर्क जास्त तिथे आजार जास्त आहे का? संपर्क थांबल्यावर कमी झाला का? अशा कसोट्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडल्या, आणि आजही त्याच वापरल्या जातात. जे ठरलं नाही ते ‘शंका आहे’ असंच लिहा. एक फुगवलेला आकडा पकडला गेला की बाकीची खरी वही केरात जाते.

पण पुरावा पूर्ण नाही म्हणून गप्प बसायचं असंही नाही. लंडनमध्ये गजबजलेल्या रस्त्याजवळ राहणारी, दम्याने आजारी असलेली एक नऊ वर्षांची मुलगी 2013 मध्ये वारली. 2020 च्या डिसेंबरमध्ये चौकशीअंती तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं गेलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. चौकशीत हेही लिहिलं गेलं की, प्रदूषणाचा धोका आईला कुणी सांगितलाच नव्हता, सांगितला असता तर तिने काही पावलं उचलली असती. आपल्या वहीतली माहिती आधी त्याच घरांत परत द्या. घर 17 च्या आईला तिच्या मुलीचा आकडा आणि त्याचा अर्थ सर्वांत आधी कळला पाहिजे, बैठकीत नव्हे.

मग नकाशा, घरांची मोजदाद आणि अहवाल मिळून दोन पानांचं निवेदन करा. आरोग्य विभाग, पाणीपुरवठा आणि प्रदूषण नियंत्रण या तिघांना एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. मागणी नेमकी असू द्या: अमुक विहीर बंद करा, अमुक वयाच्या मुलांचं रक्त तपासा, अमुक तारखेपर्यंत. स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2022 रोजी मान्य केलं आहे, त्याचा उल्लेख करा.

पायरी 7: पुन्हा मोजा

उपाय झाला की काम संपलं असं वाटतं आणि वही बंद होते. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं, म्हणून डॉक्टर एक ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. ती तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. पाण्याचा नमुना पुन्हा घ्याल तेव्हा तोच नळ, तीच पहाटेची वेळ, तेच पहिलं लिटर. घर 17 मध्ये गेल्या दोन आठवड्यांत किती रात्री खोकला होता, हाही प्रश्न त्याच शब्दांत विचारा आणि आधीच्या 9 च्या शेजारी नवा आकडा लिहा.